फ्रान्समधली एवढी उंच दगडी चर्च इतकी शतकं पडली कशी नाहीत?

पडली की! पडलेली पुन्हा बांधली किंवा दगड उचलून नेले, म्हणून आपल्याला उभी तेवढीच दिसतात. पटत नसेल तर पॅरिसहून रेल्वेने उत्तरेला बोव्हे गावी जा आणि तिथलं सँ-पिएर कॅथेड्रल बघा.

आधी तंत्र. दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. कमानीचं छत भिंतींना बाहेर रेटतं, म्हणून जुन्या चर्चच्या भिंती जाडजूड आणि खिडक्या एवढ्याशा. गॉथिक, म्हणजे या उंच चर्चच्या शैलीच्या, गवंड्यांनी कमान टोकदार करून रेटा कमी केला आणि उरलेला रेटा बाहेरून तिरप्या दगडी टेक्यांवर घेतला. यांनाच फ्लाइंग बट्रेस म्हणतात. भिंतीवरचा भार गेला, तिथे रंगीत काचा आल्या.

बोव्हेवाल्यांनी हे जरा जास्तच ताणलं. १२२५ ला काम सुरू, १२७२ ला वेदीकडचा भाग तयार. छत जवळपास ४८ मीटरवर, म्हणजे सोळा मजले! १२८४ मध्ये त्यातलं बरंचसं कोसळलं. दुरुस्ती आजही ओळखू येते. वेदीसमोर उभं राहून बाजूचे खांब बघा: मुळातल्या दोन खांबांच्या मधोमध एकेक जादा खांब घुसवलाय, त्यामुळे रुंद कमानीच्या जागी दोन चिंचोळ्या कमानी दाटीवाटीने उभ्या आहेत.

एवढं होऊनही खोड गेली नाही. सभामंडप बांधायचं सोडून चर्चचे उभे-आडवे भाग मिळतात त्या मधल्या चौकावर १५३ मीटरचा मनोरा चढवला, १५६९ मध्ये. सभामंडपच नाही, म्हणून मनोऱ्याला पश्चिमेला टेकायला काहीच नाही! ३० एप्रिल १५७३, सणाचा दिवस, लोक मिरवणुकीने बाहेर पडले आणि पाठोपाठ मनोरा खाली आला. सभामंडप आजतागायत झालेला नाही. त्या जागी दहाव्या शतकातलं बुटकं चर्च आहे, जे नव्यासाठी पाडायचं होतं. मला तर कॅथेड्रलपेक्षा तेच बघताना हसू आलं.

आत मोठमोठे लाकडी आधार लावावे लागले. बाहेर टेक्यांना बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्याही होत्या. १९६० च्या दशकात कुणाला तरी त्या कुरूप वाटल्या, म्हणून काढल्या. टेके वाऱ्याने हलायला लागले, मग पुन्हा पोलादी सळ्या बसवाव्या लागल्या.