मायस्थेनिया आणि भूल: जपायचं कशापासून?

प्रश्न : माझ्या आईला (वय 58) मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार) आहे. पापण्या मिटतात, संध्याकाळी बोलणं गेंगाणं होतं. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या चालू आहेत. आता दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलंय. ‘भूल दिली की ती व्हेंटिलेटरवरून निघायची नाही,’ असं नातेवाईक सांगतात. शिवाय कंबर धरली की ती घरात असलेली, स्नायू सैल करणारी गोळी घेते. चालेल का?

उत्तर : नातेवाइकांची भीती अगदीच बिनबुडाची नाही; फक्त धोका भुलेपेक्षा स्नायू शिथिल करणाऱ्या इंजेक्शनाचा जास्त असतो. श्वासनळीत नळी घालायला आणि पोट सैल राहायला ते देतात. मज्जातंतूचा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत स्नायूकडे जातो. तो घेणारे रिसेप्टर या आजारात आधीच कमी झालेले असतात आणि रोक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियमसारखी शिथिल करणारी औषधं उरलेलेही अडवतात. त्यामुळे थोडक्या मात्रेतही स्नायू पूर्ण ढिले पडतात, असर लांबतो. सक्सिनिलकोलीन या दुसऱ्या शिथिल करणाऱ्या औषधाची तऱ्हा उलटी : ते जास्त लागतं, आणि पायरिडोस्टिग्मिनमुळे उतरायलाही वेळ घेतं.

औषधाचा असर किती आहे हे कळावं म्हणून मी अशा रुग्णाच्या मनगटाशी दोन इलेक्ट्रोड चिकटवते आणि तो हात चादरीबाहेर ठेवते. दोन सेकंदांत विजेचे चार हलके झटके. अंगठा चारदा उडतो. मायस्थेनियात कधी कधी शिथिल करणारं औषध टोचण्याआधीच चौथी हालचाल पहिलीपेक्षा मलूल असते, म्हणून सुरुवातीचा आकडा टिपून ठेवायचा. शेवटी चौथी हालचाल पहिलीच्या निदान 90 टक्के झाल्याशिवाय नळी काढायची घाई नको. हा फरक नुसत्या नजरेला फसवतो, मोजणारं यंत्रच हवं. रोक्युरोनियम उतरवायला आता सुगामाडेक्स आहे, तेव्हापासून आमचाही जीव जरा भांड्यात पडला. जुनं निओस्टिग्मिन तुमच्या आईंच्या गोळीच्याच जातीचं. अति झालं तर त्यानंच अशक्तपणा येतो.

हे सगळं आधी कळलं तर. ‘डोळ्यांचं काहीतरी औषध चालू आहे’ एवढंच सांगून टेबलावर आलेले रुग्ण मी पाहिलेत! गोळ्यांच्या वेळा, स्टेरॉइड, गिळताना लागणारा ठसका, पूर्वी कधी श्वासाचा त्रास झाला असेल तर तो, सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. शस्त्रक्रियेच्या सकाळची गोळी घ्यायची की नाही हे ते आणि न्यूरोलॉजिस्ट ठरवतील. आपल्या मनानं बंद करू नका. नंतर काही तास व्हेंटिलेटर लागला, तर घाबरून जाऊ नका.

कंबरेची गोळी वेगळी; ती बहुधा मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करते. पण गुंगी आणि ढिलेपणा तिच्यातही असतो, तेव्हा न विचारता नकोच. मला त्याहून धास्ती जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांची आणि शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमची. यांतल्या ‘फ्लॉक्सासिन’वाल्यांवर अमेरिकेच्या एफडीएनं (औषध नियामक संस्थेनं) 2011 मध्ये मायस्थेनियासाठी चौकटीतला इशारा छापायला लावला.

आणि ‘मसलचा आजार’ असं मोघम सांगू नका. डुशेन (स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला सक्सिनिलकोलीन दिलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकतं. म्हणजे तिथला धोका निराळाच. आजाराचं पूर्ण नाव फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या.