बाजारातून गायब झालेल्या ब्लूजच्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा निघाव्यात म्हणून साधा श्रोता काही करू शकतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं गाणं) गायकाची साठच्या दशकातली एलपी आणि त्याआधीच्या त्याच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड आता कुठेच विकत मिळत नाहीत, यूट्यूबवर कुणीतरी चढवलेली खरखरती प्रत तेवढी आहे, तर कंपनीला ईमेल करून काही हालचाल होईल का? ईमेलला बहुधा उत्तरच येणार नाही, हे आधी सांगून टाकतो. मोठ्या कंपनीत जुन्या साठ्याकडे बघणारी माणसं मोजकी, आणि त्यांच्यापुढे हमखास खपणाऱ्या नावांची रांग लागलेली. पण श्रोत्याच्या हातात काहीच नाही असंही नाही. ब्लूजचा जो जुना खजिना आज ऐकायला मिळतो, त्यातला बराचसा हौशी माणसांनीच बाहेर काढलाय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हक्क कुणाकडे आहेत आणि ऐकण्याजोगी प्रत कुणाकडे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही बहुतेक वेळा वेगळी असतात. सातबारा एकाच्या नावावर आणि धान्य दुसऱ्याच्या कणगीत, असला प्रकार. या दोघांची गाठ पडल्याशिवाय रेकॉर्ड पुन्हा निघत नाही.

पॅरामाउंट या रेकॉर्ड लेबलचंच बघा. विस्कॉन्सिनमधली एक खुर्च्या बनवणारी कंपनी. फोनोग्राफची कपाटं बनवता बनवता ती रेकॉर्डच्या धंद्यात उतरली. ब्लाइंड लेमन जेफरसन, मा रेनी, चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स हे सगळे या लेबलवर आहेत. पॅटन, हाउस आणि जेम्स तर ग्राफ्टन या छोट्या गावातल्या स्टुडिओत येऊन गायले. मंदीत धंदा बसला, १९३२ मध्ये ध्वनिमुद्रण थांबलं आणि ज्यांवरून रेकॉर्ड छापतात ते धातूचे साचे भंगारात गेले. चिडलेल्या कामगारांनी उरलेल्या रेकॉर्ड मिलवॉकी नदीत भिरकावल्या अशी दंतकथा आहे. एका टीव्ही कार्यक्रमासाठी डायव्हरांनी नदीचा तळही धुंडाळला, हाती काही लागलं नाही. म्हणजे मूळ साचा नाही, टेपचा तर तेव्हा जमानाच नव्हता. आज आपण जो पॅटन ऐकतो तो कुणाच्या तरी माळ्यावर वाचलेल्या, सुयांनी झिजलेल्या लाखेच्या तबकडीवरून उतरवलेला आहे.

काही गाण्यांच्या जगात एक-दोनच प्रती शिल्लक आहेत. टॉमी जॉन्सनची एक पॅरामाउंट तबकडी २०१३ मध्ये ईबेवर ३७,१०० डॉलरना गेली. घेणारे संग्राहक जॉन टेफ्टेलर दरवर्षी ब्लूजच्या जुन्या जाहिरातींची दिनदर्शिका काढतात आणि तिच्यासोबत अशाच दुर्मिळ तबकड्यांची सीडी देतात, त्यामुळे ती तिजोरीत कुजली नाही. सन हाउसची एक तबकडी अशीच अनेक दशकं कुणी ऐकलेली नव्हती. ती सापडली आणि २००६ मध्ये याझू लेबलच्या संचात आली. विली ब्राउनची एक मात्र अजून कुणालाच मिळालेली नाही. क्रमांक माहीत आहे, गाण्यांची नावं माहीत आहेत, आवाज नाही.

या दुष्काळात आपल्या देशाचाही थोडा संबंध आहे बरं का. तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरच्या बाजूने जायची. दुसऱ्या महायुद्धात पुरवठा आटला तसे १९४२ मध्ये अमेरिकेने तिच्या वापरावर कडक निर्बंध घातले, आणि नवी रेकॉर्ड हवी तर जुनी आणून द्या अशी पद्धत सुरू झाली. त्या रद्दीत काय काय दळलं गेलं असेल याचा विचार न केलेला बरा.

आता हौशी लोकांचं काम. १९६० मध्ये बिल गिव्हन्स आणि पीट व्हेलन या दोघा संग्राहकांनी ओरिजिन जॅझ लायब्ररी नावाचं लेबल काढलं. पहिलीच एलपी चार्ली पॅटनची. मोठ्या कंपन्यांना पॅटन कोण हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पुढे निक पर्ल्सचं याझू आलं. ऐंशीच्या दशकात व्हिएन्नाच्या जॉनी पार्थ यांनी डॉक्युमेंट लेबल सुरू केलं आणि युद्धाआधीच्या गायकांचं उपलब्ध असलेलं प्रत्येक गाणं तारखेच्या क्रमाने काढण्याचा चंग बांधला, मग आवाज कितीही फुटका असो. डॉक्युमेंटच्या आवाजाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर त्या माणसाचे उपकार मानायला हवेत. म्हणूनच तुमची पहिली पायरी ही, की तुमच्या गायकाची ७८ची गाणी डॉक्युमेंटच्या एखाद्या खंडात आधीच आलेली आहेत का ते बघा. बऱ्याचदा असतात.

नसतील, आणि कुणाकडे तबकडी निघालीच, तर ती कशी उतरवली जाते यावर सगळं ठरतं. मी नाट्यसंगीताच्या ७८ उतरवतो, तंत्र तेच. तबकडी पुसायला स्पिरिट चुकूनही वापरू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोमट पाणी, किंचित सौम्य साबण, कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, बस. एलपीची सुई चालत नाही. ७८ची खाच साधारण तिप्पट रुंद असते, एलपीची बारीक सुई तळाच्या घाणीत लोळत जाते. त्यातही एकच सुई पुरत नाही. पोलादी सुयांनी खाचेची भिंत एका उंचीवर खरवडलेली असते, म्हणून थोड्या जाड किंवा थोड्या बारीक सुया बदलून बघायच्या. एखादी सुई नेमकी न झिजलेल्या पट्टीवर टेकते आणि खरखरीच्या मागून गायकाचा श्वास ऐकू येतो. मग वेग. ७८ हे नुसतं नाव, प्रत्यक्षात बऱ्याच तबकड्या जरा इकडेतिकडे मुद्रित झालेल्या असतात आणि गिटारचा सूर जुळवून अंदाज घ्यावा लागतो. शेवटी खरखर काढणं. इथे हात आखडता ठेवायचा. फिल्टर जास्त लावला की तारेवर बोट पडल्याचा टणत्कार मरतो आणि गायक उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत २०१८च्या कायद्याने १९२३ ते १९४६ मधल्या रेकॉर्डना प्रकाशनापासून १०० वर्षं, १९४७ ते १९५६ मधल्यांना ११० वर्षं, आणि त्यापुढच्या, फेब्रुवारी १९७२च्या मध्यापर्यंतच्या रेकॉर्डना २०६७ पर्यंत संरक्षण आहे. मॅमी स्मिथची १९२०ची ब्लूज रेकॉर्ड २०२२ मध्ये मोकळी, म्हणजे हक्कमुक्त, झाली, रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६च्या रेकॉर्डना अजून वेळ आहे. युरोपीय संघात १९६२ अखेरपर्यंत निघालेल्या रेकॉर्ड मोकळ्या आहेत, त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या ब्लूजचे स्वस्त संच तिकडून येतात. भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो आणि तो जास्त टिकतो, हे विसरू नका. त्याच अमेरिकन कायद्यात एक खिडकी आहे जी फारशी कुणी वापरत नाही: बाजारात नसलेली १९७२ पूर्वीची रेकॉर्ड विनामोबदला उपलब्ध करायची असेल, तर नीट शोध घेऊन कॉपीराइट ऑफिसकडे नोटीस दाखल करता येते. ९० दिवसांत मालकाने हरकत घेतली नाही तर मार्ग मोकळा.

एलपीचं दुखणं वेगळं. तिथे टेप असते, निदान असायला हवी, पण मालक बदलत गेलेले असतात. शिकागोची चेस ही रेकॉर्ड कंपनी १९६९ मध्ये जीआरटी या टेप कंपनीने घेतली, तिथून ती ऑल प्लॅटिनम, मग एमसीए या कंपन्यांकडे गेली, आणि आज ती युनिव्हर्सलकडे आहे. २००८ मध्ये युनिव्हर्सलच्या हॉलिवूडमधल्या आवारात आग लागली त्यात कोणत्या मूळ टेप गेल्या यावर अजून वाद चालू आहे. एलपी फोकवेज या लोकसंगीताच्या लेबलची असेल तर तुम्ही नशीबवान. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने ती कंपनी घेतली तेव्हा दोन हजारांहून जास्त शीर्षकांपैकी एकही बाजारातून जाऊ द्यायचं नाही, ही अटच होती. मागणीनुसार सीडीही त्यांनी काढून दिल्या. ख्रिस स्ट्रॅकविट्झ यांचं आरहूली लेबलही २०१६ पासून स्मिथसोनियनकडेच आहे.

बाकीच्यांसाठी पत्र लिहायचं ते मालकाला नाही, तर परवाना काढून पुनर्प्रकाशन करणाऱ्या छोट्या लेबलला. लंडनचं एस (Ace), जर्मनीचं बेअर फॅमिली, अशांना. त्यांना कुणाकडे कसं मागायचं ते माहीत असतं, आगाऊ रक्कम भरायची तयारी असते, आणि पाचशे-हजार प्रतींचं गणित त्यांना परवडतं. पण "कृपया अमुक गायकाची एलपी काढा" असं लिहू नका, तसली पत्रं त्यांना रोज येतात. लेबल, क्रमांक, तबकडीवर गाणं संपल्यावर आतल्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, मुद्रणाची तारीख, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि चांगली प्रत कुणाकडे आहे ते कळवा. युद्धाआधीच्या रेकॉर्डची ही माहिती डिक्सन आणि गॉडरिच यांच्या सूचीत मिळते, अमेरिकन ध्वनिमुद्रणांची एक मोठी सूची कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. अर्धं काम कुणीतरी करून दिलंय म्हटल्यावर माणूस पत्र पुरतं वाचतो. प्रतीच्या शोधात इथल्या लोकांनाही विचारा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, त्यांचा भर भारतीय संगीतावर असला तरी कुठल्या संग्राहकाच्या कपाटात काय निघेल सांगता येत नाही.

आणि लेबलशी बोलताना गायकाच्या वारसांना काय मिळणार, हे मोकळेपणाने विचारा. रॉबर्ट जॉन्सनच्या सगळ्या रेकॉर्डचा संच १९९० मध्ये निघाला आणि दहा लाखांवर खपला. त्याच्या मुलाला मात्र आपण वारस आहोत हे १९९८ मध्ये कोर्टात सिद्ध करावं लागलं, तेव्हा कुठे पैसे हातात आले.

प्रश्नात तुम्ही गायकाचं नाव आणि एलपीचा क्रमांक दिलेला नाही. तेवढं जोडा, म्हणजे हक्क आज कुणाकडे असावेत आणि कुणाला लिहावं हे नेमकं सांगता येईल.