तुमचे प्रश्न : साबणाचा पहिला साचा

प्रश्न : ताई, मी खानापूरची. कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे न शिजवता तेलात कॉस्टिकचं पाणी मिसळून करतात तो साबण घरी करून बघायचाय. खोबरेल, शेंगतेल, एरंडेल, कॉस्टिक सोडा सगळं आणलंय, साच्यावर अडलंय. बेळगावच्या खडेबाजारात गुलाबाच्या आणि शिंपल्याच्या आकाराचे पातळ प्लास्टिकचे साचे बघून आले. सासूबाई म्हणतात, घरात ॲल्युमिनियमचा केकचा डबा आहे, त्यातच ओत. काय करू?

उत्तर : तो डबा आधी माळ्यावर ठेवा. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिकचं मुळीच जमत नाही. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन वायू सुटतो आणि धातू खाल्ला जातो. माझ्या दुसऱ्याच घाण्याला मी ही चूक केली. आत कागद घातलाय म्हणून निर्धास्त होते. एका कोपऱ्यात कागद फाटला, मिश्रण पत्र्याला लागलं, बारीक बुडबुडे आणि फसफस सुरू झाली. सकाळी साबणाला राखाडी रेघा आणि डब्याला खड्डे! अख्खा घाणा टाकून दिला. इडलीपात्रसुद्धा बहुतेक घरी ॲल्युमिनियमचंच असतं, तेही नको.

गुलाब-शिंपल्यांचे साचे ग्लिसरीन बेस, म्हणजे तयार साबणाची लादी, वितळवून ओतायला ठीक. आपला साबण पहिल्या दिवशी मऊ असतो, त्या नक्षीत तो अडकून बसतो. पाकळी तुटली की नवीन माणसाचा हिरमोड होतो.

माझे बाबा बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्नचं काम करायचे. पॅटर्न म्हणजे रेतीत दाबून साचा उठवायचा लाकडी नमुना. लाकडी पॅटर्नच्या बाजूंना ते किंचित उतार द्यायचे. त्याला ड्राफ्ट म्हणतात. तो नसला तर पॅटर्न वर काढताना रेतीची भिंत सोबत घेऊनच येतो. साबणाचा साचा निवडताना मी तेच बघते : आतला माल बाहेर कसा येणार? एक तर साचा वाकला पाहिजे, नाहीतर उघडता आला पाहिजे, नाहीतर आत अस्तर पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं, पहिला साचा लाकडी पेटीचा करा. खानापुरात सुताराला सांगा : आतून 20 सेंमी लांब, 7 रुंद, 6 उंच, आणि एक लांब बाजू स्क्रूवर, म्हणजे ती काढता येईल. लाकूड ऊब धरून ठेवतं, साबण सावकाश आणि सारखा बसतो. आत अस्तर मात्र हवंच. मिठाईवाले वापरतात तो साधा बटर पेपर ओला होऊन साबणालाच चिकटतो. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घ्या, किंवा जाड पॉलिथिनची पिशवी उसवून एका तुकड्यात घाला. कोपरे कापू नका, पुस्तकाला कव्हर घालताना घडी घालतो तशी घाला. कापलेल्या कोपऱ्यातूनच कॉस्टिकचं मिश्रण झिरपतं.

आता माप. 20 × 7 × 6 म्हणजे 840 घनसेंमी. त्याला 0.65 ने गुणा, 546 येतात. साधारण 550 ग्रॅम तेल घ्या. पाणी आणि कॉस्टिक धरून पेटी काठाच्या थोडी खाली भरते. अडीच सेंमी जाडीच्या 8 वड्या पडतात. कॉस्टिक मात्र अंदाजानं नको, प्रत्येक तेलाला ते वेगळं लागतं. इंटरनेटवरच्या साबणाच्या कॅल्क्युलेटरवर काढा आणि ग्रॅमच्या काट्यावर तोला. हातमोजे, चष्मा घाला. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही.

सुतार लांब असेल तर सिलिकॉनचा ब्रेडच्या आकाराचा साचा घ्या. अस्तर लागत नाही, पण भरल्यावर बाजू फुगतात, म्हणून दोन्हीकडून विटा लावा. प्लास्टिकचा डबा वापरायचा तर बुडाला त्रिकोणात 5 आकडा असलेला, म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा घ्या. जो डबा साबणाला लागला तो पुन्हा खाण्याला नाही. ओतायच्या वेळी मिश्रण बासुंदीसारखं दाट हवं, पेटी दोनदा हलकेच आपटा म्हणजे आतली हवा निघते.

प्रश्न : आक्का, मी निपाणीहून लिहितोय. सिलिकॉनच्या साच्यात साबण ओतून 24 तास झाले, बाहेर धोधो पाऊस, वडी काढायला गेलो तर तळाला चिकटून राहिली.

उत्तर : दादा, घाई झाली. सिलिकॉनमध्ये हवा लागत नाही, त्यात पाऊस. उरलेला साबण तीन दिवस तसाच राहू द्या. तरीही मऊ वाटला तर साचा दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा, कडक होऊन अलगद सुटेल. पुढच्या वेळी 500 ग्रॅम तेलामागे एक छोटा चमचा मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या, मगच त्यात कॉस्टिक सोडा टाका. वडी लवकर घट्ट होते. काढल्यावर वड्या सुटसुटीत, वारं लागेल अशा चार ते सहा आठवडे ठेवा. पावसाळ्यात मी सहाच धरते. तुटलेले तुकडे टाकू नका, हातमोजे घालून गोळे वळा, तेही त्यांच्यासोबतच वाळतील.