यूट्यूब चॅनल भाचीला द्यायचंय? मग नुसत्या ईमेलवर भागणार नाही, काकू

सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा प्रश्न आलाय. वय ६८, मिस्टर जाऊन पाच वर्षं झाली, दोन्ही मुलं परदेशात. पुरणपोळी, अळूवडी, चकलीची भाजणी असं सगळं त्या यूट्यूबवर दाखवतात आणि शूटिंग, एडिटिंग सिंहगड रोडला राहणारी भाची करते. महिन्याला थोडेफार पैसेही येतात. आपल्यामागे चॅनल भाचीलाच मिळावं असं त्यांना वाटतं. धाकटा मुलगा म्हणाला, "आई, मला एक ईमेल करून ठेव, त्यात पासवर्ड पण लिही, झालं काम." एवढं पुरेल का, असं काकू विचारतायत.

नाही काकू, नाही पुरणार. मुलाच्या मनात काही वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण ईमेलवरचं मृत्युपत्र आपल्याकडे चालतच नाही. इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांना आणि डिजिटल सहीला मान्यता देणाऱ्या २००० सालच्या आयटी कायद्यातून मृत्युपत्र मुद्दाम वगळलंय, त्यामुळे डिजिटल सही केली तरी उपयोग नाही. कागदच लागतो, त्यावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. रजिस्टर करायची सक्ती नाही पण तुम्ही सब-रजिस्ट्रारकडे जाऊन कराच, कारण तुम्ही मुलांना वगळून भाचीला काहीतरी देताय आणि अशा ठिकाणी नंतर "आईची सही नाहीच ही" इथपासून सुरुवात होते. भाचीला साक्षीदार करू नका, उगाच संशयाला जागा.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं तेही सांगते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुमचं सगळं दोन्ही मुलांकडे जाईल, भाचीचा हक्क शून्य, मग ती कितीही वर्षं राबलेली असो. बँकेत तिला नॉमिनी केलंत तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेतो. म्हणून मृत्युपत्रात स्पष्ट लिहा की व्हिडिओंचा कॉपीराइट आणि त्यातून पुढे येणारं उत्पन्न भाचीला. कॉपीराइट ही खरीखुरी मालमत्ता आहे, व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालते, म्हणजे तुमच्या भाजणीचा व्हिडिओ भाचीच्या म्हातारपणीही कमाई देऊ शकतो.

पासवर्ड मात्र मृत्युपत्रात लिहू नका, तो बदलत राहतो आणि मृत्युपत्र पुढे दहा जणांच्या हातात जातं. वेगळ्या बंद पाकिटात ठेवा.

आता खरी मेख. मृत्युपत्राने हक्क मिळतो, चावी मिळत नाही. मागे एक ताई वडिलांचा फोन घेऊन माझ्याकडे आल्या होत्या, वडील गेल्यापासून तो रोज चार्ज करत होत्या, बटण दाबलं की नातवाचा फोटो यायचा आणि त्याच्यावर पिन मागणारे सहा गोल. पंधरा वर्षांचे फोटो आत. कागद सगळे नीट होते हो, पण त्या सहा गोलांपुढे काही चालेना. मला बघवत नव्हतं.

तुमच्या बाबतीत उपाय सोपा आहे, आणि तो तुम्ही धडधाकट असतानाच करायचाय. चॅनल ब्रँड अकाउंटवर, म्हणजे अनेकांना आपापल्या गूगल लॉगिनने चालवता येतं अशा खात्यावर, असेल तर भाचीला आत्ताच ओनर म्हणून जोडा, सात दिवसांनी तिला प्रायमरी ओनर, म्हणजे मुख्य मालकही करता येतं. ॲडसेन्सचं खातं, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात ते गूगलचं खातं, दुसऱ्याच्या नावावर होत नाही, त्यामुळे तुमच्यामागे तिला स्वतःचं खातं चॅनलला जोडावं लागेल, हे तिला आजच सांगून ठेवा. ती तुमचाच पासवर्ड वापरत असेल तर ते थांबवा, कारण माणूस गेल्यावर त्याच्या खात्यात शिरलं की परवानगी कोणाची हा प्रश्न येतो आणि आयटी कायद्याचं कलम ४३ तिच्या अंगाशी येऊ शकतं.

घरचे फोटो, जीमेल यासाठी गूगलचं इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर लावा. ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं नाही तर तुम्ही निवडलेल्या माणसांना, जास्तीत जास्त १० जणांना, डेटा उतरवून घ्यायला मिळतो. इथे मुलांची नावं टाका, फोटो त्यांचेच आहेत. फक्त शेवटी "खातं डिलीट करा" असा पर्याय येतो तो चालू करू नका, त्या खात्यावर चॅनल असेल तर तेही जाईल.

आणि काकू, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की ओटीपी येतो ते सिम अजून मिस्टरांच्या नावावर आहे. मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. रिचार्ज राहून नंबर बंद पडला तर तो पुढे दुसऱ्या कुणालाही मिळतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. बाकी सगळं नंतर, आधी मिस्टरांचा मृत्यूचा दाखला आणि तुमचं आधार घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा आणि नंबर तुमच्या नावावर करून घ्या. भाचीला बरोबर न्या.