फोर्ड मॉडेल ए हॉट रॉडला (दुसऱ्या गाड्यांचं सामान घालून बदललेली जुनी गाडी) पुढे फोर्डच्याच एफ-१ ट्रकचे ड्रम ब्रेक बसवलेत. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांतली हवा तीनदा काढून झाली. आता काय बघू?

चौथ्यांदा हवा काढू नका. हवा राहिली असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं. गाडी एकाच अंगाला ओढत असेल तर दोन चाकांत दोन प्रकारचं सामान आहे असं धरून चाला आणि दोन्ही ड्रम एकाच वेळी उघडा. एकेक उघडून काही कळत नाही, शेजारी शेजारी बघावं लागतं.

माझीही १९३० ची कूप आहे, ओहायोत. पुढे १९४८-५२ च्या एफ-१ चे ब्रेक, मागे १९४० च्या फोर्डचे. मूळ गाडीला सळयांनी ओढले जाणारे ब्रेक होते, कारण क्रायस्लरने १९२४ मध्येच हायड्रॉलिक ब्रेक दिले तरी हेन्री फोर्ड १९३९ पर्यंत हटून बसला. त्याच्या हट्टामुळे आपण सगळे नंतरच्या गाड्यांचे ब्रेक जुन्याखाली घालतो आणि सरमिसळ तिथून सुरू होते. माझं पुढचं सामान पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या बाजारातून खोक्यात आलं. विकणारा म्हणाला, सगळं एकाच ट्रकचं. चार शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) होते, दोन लांब लायनिंगचे (कमानीवरचा घासणारा थर), दोन आखूड. व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ढकलणारे) गंजलेले, ते मी नवे मागवले.

थँक्सगिव्हिंगला मेहुणा आला होता न्यू जर्सीहून. मेकॅनिकल इंजिनीअर, म्हणजे त्याला काही विचारायची सोय नाही. डावं चाक त्याने घेतलं, उजवं मी. बघतो तर त्याने लांब लायनिंगचा शू पुढे लावलेला. म्हटलं, अरे, तो मागे. तर म्हणे, "दाजी, पुढचा शू ड्रमबरोबर आत ओढला जातो, काम तो करतो, लायनिंग त्यालाच जास्त हवं." तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "करू दे ना त्याला एक तरी त्याच्या मनासारखं." मी गप्प बसलो.

आता एफ-१ चा ब्रेक बेंडिक्स पद्धतीचा आहे. वर एकच अँकर पिन, म्हणजे शू जिला टेकतात ती पक्की खुंटी, खाली दोन्ही शू मोकळे, मध्ये फक्त अ‍ॅडजस्टर (दोन शूंतलं अंतर ठरवणारा स्क्रू). ड्रम फिरताना पुढचा शू धरतो, ड्रमबरोबर सरकतो आणि अ‍ॅडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो. मागचा शू अँकरवर जाऊन दाबला जातो आणि खरा ब्रेक तो लावतो. म्हणून आखूड पुढे, लांब मागे. यात मत वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी ताशी पंचवीस मैलांवर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातातून निसटून उजवीकडे फिरलं. पुढचं चाक शेजाऱ्याच्या हिरवळीवर. मेहुणा बाजूला बसलेला. एक शब्द नाही. खाली उतरून टायरला लागलेला चिखल बुटाच्या टोकाने काढत राहिला.

डावीकडच्या शूंची अदलाबदल केली. ओढ निम्मी झाली, गेली नाही. मग चाकं पुन्हा उघडून व्हील सिलिंडरला व्हर्नियर लावला. उजवा १ १/८ इंच, डावा बरोबर १ इंच. बाहेरून दोन्ही अगदी जुळे भाऊ. पण जोर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पेडल तेच असून उजव्या चाकाला डाव्याच्या सव्वापट रेटा. डावा सिलिंडर बदलला, गाडी नाकासमोर थांबायला लागली.

सिलिंडर मी मागवले होते, त्यामुळे मेहुणा आजही चारचौघांत सांगतो की शूचं काही नव्हतंच, दाजींनी सिलिंडर चुकीचे आणले. शू बदलल्यावर ओढ निम्मी झाली हे त्याच्या गोष्टीत येत नाही.

एक कबूल करतो. १९३९ ते ४८ च्या फोर्डचे लॉकहीड पद्धतीचे ब्रेक वेगळे. तिथे प्रत्येक शू खाली आपापल्या अँकरला बांधलेला असतो, एकमेकांना ढकलत नाहीत, आणि पुढचाच शू जास्त काम करतो. म्हणजे मेहुणा बोलला ते माझ्या मागच्या चाकांना लागू होतं. पण आम्ही बसलो होतो पुढच्या चाकाशी.

तेव्हा तुम्ही आधी वर एकच अँकर आहे की खाली दोन ते बघा, मग शू. एका चाकात दोन लांब आणि दुसऱ्यात दोन आखूड हा प्रकारही सर्रास होतो. मग सिलिंडर मोजा, त्यावर छापलेल्या नंबरावर जाऊ नका. शू एफ-१ च्या पुढच्या चाकाचेच आहेत ना, तेही बघा: पुढचे २ इंच रुंद, मागचे पावणेदोन. लायनिंगवर खडू फासून ड्रम हाताने फिरवा. खडू फक्त मधोमध पुसला गेला तर ड्रम लेथवर जास्त कापला गेलाय आणि शू त्याला लहान पडतोय. अकरा इंची ड्रम साधारण ११.०६० च्या पुढे गेला की मी भंगारात टाकतो. बॅक प्लेटचं (शू ज्यावर बसतात ती थाळी) मधलं भोक तुमच्या स्पिंडलपेक्षा (चाकाचा आस) मोठं असतं, तिथे रिंग घातली नसेल तर प्लेट मध्यावर बसतच नाही.

पेडल दोनदा मारल्यावरच ब्रेक लागत असेल तर ते दुखणं निराळं. मास्टर सिलिंडर (पेडलने तेल ढकलणारा) फ्लोअरखाली असेल तर ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब धरून ठेवणारा) आहे का बघा.

आणि आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. शू काढायच्या आधी प्रत्येकावर खडूने डावा-उजवा, पुढचा-मागचा लिहून फोटो काढा, आणि ते फोटो इथे टाका.