‘आफ्टर ॲक्शन रिपोर्ट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: सैन्यातल्या संदेशवहन तुकड्या मोहीम किंवा सराव आटोपल्यावर ‘आफ्टर ॲक्शन रिपोर्ट’ लिहितात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सागरी सुरक्षेच्या सरावानंतर तसाच कागद मराठीत करायचा आहे. ‘कारवाई पश्चात अहवाल’ चालेल का?

नको. ‘पश्चात’ आपण माणूस गेल्यावर वापरतो. ‘वडिलांच्या पश्चात घर थोरल्याने सांभाळले’. पण खरी अडचण ‘कारवाई’ची आहे. मराठीत कारवाई होते ती कोणावर तरी: विनापरवाना ट्रॉलरवर, बेकायदा बांधकामावर. कागदाच्या माथ्यावर तो शब्द दिसला की नौकेच्या तांडेलापासून (प्रमुखापासून) बिनतारीवरच्या शिपायापर्यंत सगळे तोंडाला कुलूप लावतात. ‘कार्यवाही’ म्हणावे, तर ‘कार्यवाही अहवाल’ म्हणजे वरून आलेल्या आदेशाची पूर्तता कळवणे. कचेरीत तो वेगळाच कागद.

‘अहवाल’ हे अरबी ‘हाल’चे अनेकवचन, म्हणजे परिस्थिती. नुसती परिस्थिती सांगायची तर तो पुरतो. इथे मात्र चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात: काय व्हायचे ठरले होते, प्रत्यक्ष काय झाले, फरक का पडला, पुढच्या खेपेला काय तसेच ठेवायचे आणि काय बदलायचे. ही पद्धत अमेरिकी सैन्यात १९७०च्या दशकापासून रुजली. ठरलेले एका बाजूला, घडलेले दुसऱ्या बाजूला, मध्ये फरक. हे हिशेबासारखेच झाले. हिशेबाचा आपण आढावा घेतो. म्हणून माझी पसंती ‘सरावानंतरचा आढावा’ किंवा ‘मोहिमेनंतरचा आढावा’. ‘झाडाझडती’ अर्थाने जवळ आहे खरी, पण तिचा वास ‘कारवाई’सारखाच.

नाव ठरले तरी आतली भाषा कचेरीचीच राहिली तर उपयोग नाही. सर्वांत घातक क्रियापद ‘पाठविण्यात आला’. समजा, आढाव्यात आले आहे: ‘गस्ती नौकेशी संपर्क समाधानकारक नव्हता. तथापि संदेश पाठविण्यात आला.’ यातून पुढच्या तुकडीला काहीच कळत नाही. तेच असे लिहा:

‘१०:४२ ते ११:०५. केंद्राचा आवाज नौकेला येत होता, नौकेचा केंद्राला येत नव्हता. केंद्राचा बिनतारी संच २५ वॅटचा. नौकेवरचा हातसंच ५ वॅटऐवजी १ वॅटवर होता. बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून खलाशाने ताकद कमी केली होती. नौका खाडीच्या मुखाशी डोंगराआड होती. ११:०५ला नौका उघड्या समुद्रात आल्यावर पोच मिळाली.’

यात ‘पोच’ हा शब्द मोलाचा आहे. पाठवला, ऐकू आला, पोच आली या तीन वेगळ्या घटना. तिन्हींच्या वेळा वेगळ्या लिहाव्यात. बहुतेक गोंधळ पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधल्या मिनिटांत दडलेला असतो. भारतीय सैन्याच्या सिग्नल्स कोअरचे (स्थापना १९११) ब्रीद ‘तीव्र चौकस’ असे आहे. हिंदीत चौकस म्हणजे सावध. मराठीत प्रश्न विचारणारा. संचावर बसणारा हिंदी अर्थाने चौकस हवा, आढावा लिहिणारा मराठी अर्थाने.

वेळेबाबत ‘साडेदहाच्या सुमारास’ कटाक्षाने टाळा. सुरुवातीलाच सगळी घड्याळे एकाशी जुळवा आणि वेळ भारतीय आहे की ‘झुलू’, म्हणजे जागतिक, ते वरच नोंदवा. दोन्ही मिसळल्या की साडेपाच तासांचा घोटाळा होतो. भरती-ओहोटीही लिहा, कारण पाणी उतरल्यावर खाडीतली होडी चार-दोन हात खाली जाते आणि काठाआड येते. सागरी बिनतारीवरचे चॅनेल १६ हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी. त्यावरच बोलणे चालू राहिले असेल तर किती मिनिटे, ते नोंदवा. आणि नोंदी त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी लोक आठवण सांगत नाहीत, एकमेकांशी जुळवून घेतलेली गोष्ट सांगतात.

शेवटच्या रकान्यात ‘योग्य ती दक्षता घ्यावी’ हे वाक्य हमखास येते. ते खोडा. ‘निघण्यापूर्वी प्रत्येक हातसंच ५ वॅटवर आहे हे तांडेलाने पाहावे, भरलेली दुसरी बॅटरी सोबत’ असे कोणी, केव्हा, काय करायचे ते हवे. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या, रिपीटरचे (संदेश उचलून पुढे पाठवणाऱ्या संचाचे) अर्थिंग जांभ्यात असेल तर उन्हाळ्यात, कातळ कोरडा असताना, ते मोजून घ्यावे. पावसातले माप फसवे.

उपकरणांची नावे मात्र लोकांच्या तोंडची ठेवा. खाऱ्या वाऱ्याने अँटेनाच्या कनेक्टरवर हिरवट थर चढला, तर ‘कनेक्टर’च लिहा. ‘संयोजकास गंज चढला’ असे लिहिलेत, तर वाचणारा सरावाच्या आयोजकांची चौकशी करू लागेल.