जँगो फॉर्म आणि एरर: वाचकांचे प्रश्न

जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट. तिच्या फॉर्मवर स्वतःचा एरर कसा दाखवायचा, हे विचारणारी पत्रे थांबत नाहीत. म्हणून नेहमीचे प्रश्न एकत्र घेतो.

'आवश्यक' हा ठरावीक संदेश कसा बदलू?
फील्ड लिहितानाच 'एरर_मेसेजेस'मध्ये 'रिक्वायर्ड'चा मजकूर द्या.

ईमेल फील्ड तपासणारी 'क्लीन_ईमेल' मेथड लिहिल्यावर ईमेल रिकामा का येतो?
मेथडच्या शेवटी तपासलेला ईमेल रिटर्न करायला विसरलात.

शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची असली, तर एरर त्याच फील्डखाली हवा. माझा फॉर्मच्या डोक्यावर येतो.
सगळा फॉर्म एकत्र तपासणाऱ्या 'क्लीन' मेथडमध्ये 'सेल्फ.अ‍ॅड_एरर' वापरा, आधी फील्डचे नाव, मग संदेश. जँगो १.७ पासून, म्हणजे २०१४ पासून ही सोय आहे. तरी फॉर्मच्या आतल्या '_एरर्स' यादीत थेट हात घालायचा जुना सल्ला अजून फिरतोच, तो सोडा. दोन्ही तारखा 'क्लीन्ड_डेटा'मधून, म्हणजे तपासून पास झालेल्या माहितीतून, 'गेट'ने घ्या, कारण आधीच नापास झालेले फील्ड तिथे नसते.

नावासाठी 'बॅकस्लॅश डब्ल्यू'चा रेजेक्स (मजकूर तपासायचा साचा) लावला. 'कमल' चालते, 'सुनीता'ला 'नाव अवैध' येते. देवनागरीसाठी कोणता रेजेक्स?
कोणताही नको! पायथॉनच्या 're' मॉड्यूलचा 'डब्ल्यू' अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर ओळखतो. मात्रा, अनुस्वार, हलन्त त्याच्या लेखी अक्षरे नाहीत. मजकुरात फक्त अक्षरे आहेत का हे सांगणाऱ्या 'इजअल्फा'चेही तेच. कुठून तरी उचललेला रेजेक्स स्वतःच्या घरातली चार नावे घालूनही कोणी तपासत नाही, आणि सुनीताबाईंना मात्र आपल्याच नावात चूक आहे असे सांगितले जाते. हे मला अजिबात मान्य नाही. नाव रिकामे नाही ना आणि लांबी मर्यादेत आहे ना, एवढेच पाहा. टिंबे, आडनावातली जोडरेघ, मधली मोकळी जागा, सगळे येऊ द्या. कागदपत्राशी नाव जुळवायचेच असेल, तर नियम स्वतः ठरवू नका. ती अट घालणाऱ्या विभागाला लेखी विचारा.

विक्रेता म्हणतो, ब्राउझरमध्येच फॉर्म तपासणारे त्याचे प्लगइन घेतले की सर्व्हरवर तपासणी लागत नाही.
हे धादांत खोटे आहे. ब्राउझर वगळून कोणीही थेट विनंती पाठवू शकतो. पैसे किंवा ओळखपत्रांचा फॉर्म असेल, तर सुरक्षेच्या जाणकाराला दाखवा, आणि तेही साइट सुरू करण्याआधी.

'हा ईमेल आधीच नोंदलेला आहे' हे 'क्लीन_ईमेल'मध्ये तपासले तर पुरते?
नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोन्ही पास होतील. डेटाबेसवर 'युनिक'चे, म्हणजे एकच ईमेल दोनदा न घेण्याचे, बंधन हवेच. ते मोडल्यावर येणारा 'इंटिग्रिटीएरर' पकडून 'अ‍ॅड_एरर' करा. शिवाय या संदेशातून कोण सदस्य आहे हे परक्याला कळते. दवाखान्याची किंवा कर्जाची साइट असेल, तर हा संदेश ठेवायचा का, हे आधी वकिलाला विचारा.